आबांच्या बंदुकीची मुसकी

आमच्या घरात पंगत बसली की माझ्या डाव्या हाताचा पाट रिकामा राहतो. तिथं बसून मीठ मागितलं तर मी ताक वाढतो, असा मुलांचा अनुभव आहे. आल्यागेल्याला धाकटी कन्या कौतुकानं सांगते, "बाबांचा डावा कान आजोबांच्या बंदुकीनं खाल्लान." पाहुणे माझ्याकडे आदरानं बघतात. त्यांना वाटतं, वाघाबिघाची गोष्ट असेल. मी तसं वाटू देतो. खरं सांगायचं तर त्या प्रकरणात कान माझा गेला आणि चूकही माझीच होती.

हे आजोबा म्हणजे माझे सासरे. सगळा गाव त्यांना आबा म्हणे. रत्नागिरीहून हातखंब्याच्या वाटेला लागलं की उजव्या हाताला जांभ्याच्या पायऱ्यांची एक पाखाडी खाली उतरते. तिच्या तळाशी त्यांचं घर. तीस वर्षं कोर्टात शिरस्तेदारी करून ते तिथं परतले होते. तीस वर्षं दुसऱ्यांचे निकाल ऐकले, लिहिले, शिक्के मारून बाहेर धाडले. स्वतः एकही दिला नाही. पेन्शन झाल्यावर ती सगळी हौस घरावर निघाली. पण निकाल द्यायचा सराव नव्हता, म्हणून ते नुसती सुनावणी घेत.

त्यांची एक लांबट, लाल पुठ्ठ्याची वही होती. घरात कुणीही काहीही विचारलं, अगदी छत्री न्यावी का म्हणून, तरी आबा म्हणत, "मुद्दे काढा." मग वहीत डाव्या पानावर 'साधक', उजव्या पानावर 'बाधक', आणि दोन्ही पानं भरली की खाली एक ओळ: 'निकाल राखून ठेवला.' एकदा पडवीच्या कौलांवर एक फणस लोंबत होता. काढावा की झाडावर पिकू द्यावा, यावर त्यांनी सासूबाईंची साक्ष काढली, गड्याची काढली, शेजारणीची उलटतपासणी घेतली. निकाल राखीव असतानाच एका दुपारी फणसानं आपला निकाल आपण दिला आणि चौदा कौलं घेऊन तो पडवीत आला. आबांनी वहीत नोंद केली: 'प्रकरण निकाली.'

माझ्या लग्नाचंही तसंच. माझी पत्रिका त्या वहीत अकरा महिने पडून होती. शेवटी सासूबाईंनी "पोरगी म्हातारी होईल" म्हटल्यावर त्यांनी पत्रिकेवर लाल शाईनं शेरा मारला: 'तूर्त मान्य.' लग्न झालं, पहिली मंगळागौर झाली, थोरला जन्मला, त्याचं बारसं झालं. मी तूर्तच राहिलो.

आता बंदूक. ती ठासणीची नव्हे, चांगली रायफल होती. कुणी एक गोरा इंजिनियर विलायतेला परत जाताना त्याच्या सामानाचा लिलाव झाला, त्यात आबांनी ती घेतली. वहीत न लिहिता त्यांनी आयुष्यात केलेली ही एकच गोष्ट, आणि पुढं जे झालं त्यावरून ते म्हणत, "बघा, मुद्दे न काढता केलं की असं होतं." त्या साहेबानं म्हणे ती आफ्रिकेत हत्ती मारायला आणवली होती, आणि हत्ती भेटण्याआधी त्याची बदली कोकणात झाली. आमच्या गावात हत्ती नव्हते. रानडुकरं मात्र रगड. भात पोटरीला आलं की डोंगरावरून कळप उतरायचा आणि एका फेरीत अख्खा कोपरा नांगरून जायचा. आबांना लायसन मिळालं ते या पिकाच्या राखणीसाठी. पंचक्रोशीत लायसनवाला माणूस एकच, म्हणून गावात त्यांना मोठा मान. शिमग्याला पहिला नारळ त्यांच्या हातात.

पण ती बंदूक लाथ मारी. अशी तशी नव्हे. एकदा बार काढला की आबा दोन पावलं मागं येत आणि उजवा खांदा संध्याकाळपर्यंत पिकल्या जांभळासारखा होई. त्यामुळं घरात एक शिरस्ताच पडला होता: आबांनी खुंटीवरून बंदूक काढली की सासूबाई सहाण काढत. आबा डोंगर चढून जात तोवर इकडं आंबेहळद उगाळून तयार. ते परत येत, अंगरखा उतरवून ओटीवर बसत, आणि सासूबाई न बोलता खांद्याला लेप लावत. त्या दोघांना मी एरवी कधी एका ठिकाणी स्वस्थ बसलेलं पाहिलं नाही. आबांची सुनावणी आणि सासूबाईंचा स्वैपाक, दोन्ही दिवसभर चालत, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

एवढी लाथ खाऊन पदरात काय? तीन हंगामांत आबांनी पाडलेल्या गोष्टी अशा: नारळाची एक पेंड, गुरवाची पाण्याची कळशी, आणि वडाची एक फांदी, जी पडताना आमच्या गड्याच्या अंगावरून गेली. डुक्कर एकही नाही. कारण मला एकदा जवळून बघायला मिळालं. नेम धरेपर्यंत आबा म्हणजे साक्षात शिकारी. पण चापाला बोट लागलं की लाथेच्या धास्तीनं दोन्ही डोळे गच्च मिटत आणि तोंड एरंडेल पिणाऱ्या पोरासारखं होई. गोळी मग तिच्या मनाला येईल तिकडं जाई.

चौथ्या वर्षी श्रावणात पोलीस पाटील ओटीवर येऊन बसले. पानाला चुना लावीत बराच वेळ इकडतिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "आबा, तुमचा मान हाय, त्यात वाद नाय. पन मामलेदार कचेरीतनं कागद आलाय. बंदुकीनं पिकाची राखन होते काय, दिवाळीला लिवून धाडा म्हनतात. गेल्या साली सगळं भात खाल्लंनी डुकरांनी. यंदाबी तसंच झालं तर मी खोटं कसं लिवू?"

"म्हणजे लायसन जाईल?"

"जाईल. नि पलीकडल्या वाडीच्या खोताला देतील. त्यानं अर्ज धाडलान पन."

आबांचा चेहरा उतरला. त्या खोताचं आणि आमच्या घराचं एका बांधावरून तीन पिढ्यांचं वाकडं. आता शिमग्याचा नारळही त्याच्या हातात जाणार! त्या दिवशी आबा जेवले नाहीत. सासूबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही एवढे शिकलेले. सुचवा की काहीतरी."

इथं माझं चुकलं. मी शाळेत सायन्स शिकवी. सायन्सच्या मास्तराला सासूनं 'शिकलेले' म्हटलं की तो कशालाही तयार होतो. मुंबईच्या एका बंदूकवाल्याचा कॅटलॉग मी खटपटीनं मिळवला आणि पुढच्या रविवारी घेऊन गेलो. त्यात एक चित्र होतं. नळीच्या तोंडावर बसवायचं एक लोखंडी बोंडलं, त्याला दोन्ही बाजूंनी खाचा. नाव मझल ब्रेक. मी ओटीवर उभा राहून वर्गात सांगावं तसं सांगितलं: दारूचा धूर एरवी सगळा पुढं जातो, म्हणून बंदूक मागं लाथ मारते. त्याला बाजूनं वाट दिली की लाथ निम्मी. लाथ गेली की धास्ती गेली, धास्ती गेली की डोळे उघडे, आणि डोळे उघडे की डुक्कर पडलंच.

आबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि वही काढली. "मुद्दे काढा."

ती सुनावणी सव्वा महिना चालली. साधक पानावर मुद्दे भराभर आले: खांदा वाचेल, नेम सुधारेल, लायसन राहील. बाधक पानावरही काही कमी नव्हते: साहेबाच्या बंदुकीला गावठी लोखंड शोभेल काय? नळीची लांबी लायसनात लिहिली आहे, ती वाढली तर गुन्हा होईल काय? या शेवटच्या मुद्द्यावर त्यांनी कचेरीत रीतसर अर्ज केला. उत्तर आलं: 'सदर वस्तू हत्यार नसल्याने या कचेरीस कर्तव्य नाही.' आबांना ते उत्तर फार आवडलं. ते त्यांनी फ्रेम करायचं ठरवलं, आणि फ्रेम करावी की नाही याची वेगळी सुनावणी लावली.

माझी साक्ष दोन बैठकांत झाली. आबांनी विचारलं, "साक्षीदार, हा धूर बाजूनं निघतो म्हणता. निघून जातो कुठं?"

"हवेत," मी म्हटलं.

"बाजूला माणूस उभा असला तर?"

"काही नाही. थोडा वारा लागल्यासारखं वाटेल."

"हे तुम्ही शपथेवर सांगता?"

"सायन्सच्या आधारानं सांगतो."

आबांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. मला तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

बाधक मुद्दे ते आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवीत. सहा मुद्दे होते. सहावा झाला की वहीवर हात ठेवून म्हणत, "सातवा खाजगी आहे." आणि वही मिटत. तो सातवा काय, याची मला रुखरुख लागली. बायकोला म्हटलं, "सातवा मीच असणार. 'सुचवणारा इसम तूर्त आहे,' असं लिहिलं असेल." ती म्हणाली, "असेलही."

भाद्रपद संपत आला. भात पोटरीला आलं. निकाल राखीवच. तेव्हा पाटील म्हणाले, "आबा, देवीला कौल लावा. काय तां एकदा होऊन जाऊ दे." आबांचा कौलावर विश्वास नव्हता, पण खालच्या कोर्टात अडलेलं प्रकरण वरच्या कोर्टात जातं, एवढं त्यांना मान्य होतं. एका सकाळी आम्ही सगळे ग्रामदेवीच्या देवळात गेलो. गुरवानं देवीच्या पाषाणावर दोन ओल्या कळ्या चिकटवल्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आपल्या कळशीची आठवण गुरवाच्या तोंडावर स्वच्छ दिसत होती, तरी त्यानं गाऱ्हाणं नीट घातलं: "बाये माज्ये, आज आबा तुज्या पायरीला आलेत. त्यांच्या बंदुकीच्या तोंडाला ती मुसकी बांधायची काय नाय, त्याचा तू उलगडा कर."

मुसकी म्हणजे मळणीच्या बैलाच्या तोंडाला बांधतात ती जाळी. त्या दिवसापासून गावात तेच नाव पडलं.

गुरवाचं झालं तरी आबांचं झालं नव्हतं. ते पुढं झाले, खाकरले आणि देवीला साधक मुद्दे वाचून दाखवू लागले. तिसऱ्या मुद्द्याला उजवी कळी टपकन पडली.

"पडली! उजवी!" पाटील ओरडले. "झालां काम!"

"झालं कसं?" आबा म्हणाले. "अजून दुसरी बाजू ऐकायची आहे. एक बाजू ऐकून दिलेला निकाल टिकत नाही. पुन्हा लावा."

गुरवानं डोळे वटारले, पण कळ्या पुन्हा लावल्या. आबांनी बाधक मुद्दे सुरू केले. पाचव्याला डावी पडली.

"आता?" गुरव म्हणाला.

"आता फेरतपासणी."

"आबा, ती देवी हाय. तुमची कारकून नाय!" गुरव पुरता तापला. "नि एकदा माजी कळशी फोडलीत, तवा मी कौल लावला काय?"

देवळात असं हसू उसळलं की मीही हसलो. आबा हसले नाहीत. वही काखेत धरून ते पाखाडी उतरू लागले. सबंध वाटेत एकच वाक्य बोलले: "कोर्टात दोन न्यायाधीशांचं मत विरुद्ध पडलं की काय करायचं, हे मला माहीत आहे. एकाच न्यायाधीशाचं पडलं की काय करायचं, हे ठाऊक नाही."

निकाल शेवटी दिला तो सासूबाईंनी. त्याच दुपारी आबांनी सराव म्हणून एक बार काढायला बंदूक उचलली, तर सासूबाई स्वैपाकघरातून बाहेर आल्या, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "आंबेहळद संपली."

"संपली म्हणजे?"

"संपली म्हणजे नाही. आता खांदा सुजला तर मी काय लावू? तो लोहार बोलवा नि ती मुसकी करून घ्या. लायसन गेलं तर तुम्ही जेवणार नाही, नि तुम्ही जेवला नाहीत तर मला अन्न जाणार नाही. झालं!"

आबांनी बंदूक खुंटीला लावली.  मग मला म्हणाले, "काढता येईल अशी करायला सांगा. तूर्त बसवू."

बंदरावर गलबतांचं लोखंडकाम करणारा एक लोहार होता. तो घरी येऊन माप घेऊन गेला आणि पंधरा दिवसांत त्यानं आट्यांवर फिरवून बसवायची मुसकी आणून दिली. कॅटलॉगातल्या चित्रात खाचा नाजूक होत्या. ह्यानं त्या गलबताला शोभतील अशा पाडल्या होत्या. मी बोट घालून बघितलं, तर आरपार गेलं. "जरा मोठ्या झाल्या काय?" मी विचारलं. लोहार म्हणाला, "मास्तर, धुराला वाट करायची तर नीट करावी. अर्धीमुर्धी कशाला?" सायन्सच्या दृष्टीनं ते मला पटलं.

हाकाऱ्याचा दिवस ठरला. सकाळी वाडीतले पंधरावीस गडी डबे, थाळ्या, शिंगं घेऊन डोंगराच्या वरच्या अंगानं गेले. आबा खाली बांधावर, आंब्याच्या बुंध्याला टेकून. निघताना सासूबाईंनी त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले. मलाही देऊ लागल्या. मी म्हटलं, "मला नको. त्याची गरज नसते."

बांधावर मी आबांच्या मागं उभा राहू लागलो, तर त्यांनी बोटानं जागा दाखवली. "तिथं नाही. इथं, उजव्या हाताला, नळीच्या तोंडापाशी. तुम्ही साक्ष दिली आहे. साक्षीदारानं जागेवर हजर राहायचं."

वरून हाकारा उठला. डबे वाजले. रान खसखसलं, आणि एक दांडगा डुक्कर, मागं चारपाच लहानमोठे, थेट भाताच्या कोपऱ्यात उतरले. आबांनी बंदूक खांद्याला लावली. नेम धरला. बोट चापाला गेलं, आणि सवयीप्रमाणं दोन्ही डोळे गच्च मिटले.

त्यानंतर काय झालं हे मी ऐकीव सांगतो. कारण तो आवाज झाला तेव्हा मी तिथं असूनही पुरता ऐकू शकलो नाही. पहिल्या टप्प्यालाच डावा कान संपला होता. माझी टोपी उडून शेजारच्या खाचरात पडली. नाकातोंडात धूर, डोळ्यांत माती, आणि मी बसलेला. कसा बसलो ते आठवत नाही. हाकाऱ्याचे गडी डबे टाकून पळाले. गावातल्या गुरांनी दावी तोडली. बंदरावरच्या लोकांना वाटलं, कुठल्या तरी जहाजानं तोफ डागली.

आबा जागच्या जागी उभे होते. एक पाऊलसुद्धा मागं आले नव्हते. हळूच एक डोळा उघडून त्यांनी मला विचारलं, "सुटली का?"

गोळी समोरच्या कातळात गेली होती. डुकरांना तिनं स्पर्शही केला नाही. पण डुकरं पळाली. आणि अशी पळाली की डोंगर ओलांडून पलीकडल्या वाडीत, खोताच्या भातात, जाऊन थांबली. पुढं पीक उभं असेतो आबा दर चार दिवसांनी, दिवेलागणीच्या आधी, डोंगराकडं तोंड करून एक बार काढत. आयाबाया आधीच पोरांचे कान झाकत. गुरव देवळाची घंटा हातानं धरून ठेवी, नाहीतर ती आपोआप वाजे. त्या वर्षी आमच्या गावात एका लोंबीलाही डुकराचं तोंड लागलं नाही.

दिवाळीला पाटलांनी कचेरीला लिहिलं: 'डुकर पडला नाही. पण आलाही नाही.' लायसन राहिलं. शिमग्याचा नारळ राहिला. खोतानं मामलेदाराकडं तक्रार केली की यांची डुकरं आमच्याकडं आली. तिला कचेरीतून काय उत्तर गेलं असेल, ते मला पाठ आहे: या कचेरीस कर्तव्य नाही.

मी आठ दिवस अंथरुणावर होतो. सासूबाई कानात लसणीचं तेल सोडत आणि "वारा लागला हो बापड्याला," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. नवव्या दिवशी आबा वही आणि लाल शाईची दौत घेऊन आले. माझ्या पत्रिकेवरचं 'तूर्त' त्यांनी नीट पट्टी लावून खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'कायम.' कान देऊन मी त्या घरात कायम झालो. सौदा वाईट नव्हता.

खांद्याचा त्रास मात्र आबांचा गेला तो गेलाच. त्या बाबतीत माझं सायन्स खरं ठरलं, हे मी सगळ्यांना वारंवार सांगे. तरी एक गंमत मला कळत नसे. पुढच्या हंगामातही, त्याच्या पुढच्याही, आम्ही संध्याकाळचे त्या घरी गेलो की आंबेहळदीचा वास यायचा. मी त्यावर एक सिद्धांत मांडला होता: इतक्या वर्षांत वास मातीच्या भिंतींत मुरला असणार. शाळेत मुलांनाही मी ते उदाहरण देत असे.

आबा गेल्यावर तेराव्यानंतर बंदूक चौकीत जमा केली. मुसकी राहिली. मग बायकोनं ती लाल वही काढली. मला आधी सातवा मुद्दा बघायचा होता. इतक्या वर्षांनी तरी कळू दे, माझ्याबद्दल काय लिहिलं होतं. तिनं बंदुकीचं पान उघडलं आणि वाचलं. माझ्या डाव्या बाजूला बसून.

"काय?" मी म्हटलं.

ती उठली, उजवीकडं येऊन बसली आणि पुन्हा वाचलं. बाधक मुद्दा सातवा: 'लेप बंद होईल.'

खाली, सगळ्या पानांखाली असते तशी ओळ: 'निकाल राखून ठेवला.' ती तशीच होती. मुसकी बसून इतकी वर्षं झाली तरी तो निकाल त्यांनी दिलाच नव्हता.

सासूबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. बायकोनं विचारलं, "आई, तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक नसायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "पण खांदा मोडून घेतलानी असता त्यापायी. म्हणून तर सांगितलं, हळद संपली. संपतेय कुठली! परसात वाफाभर होती." सुपातला एक खडा काढून त्यांनी अंगणात टाकला. "पुढं मग बार काढून आले की बसायचे आपले ओटीवर, अंगरखा काढून. दुखतंय का विचारलं की म्हणायचे, थोडं दुखतंय. मी लावायची."

बायको माझ्याकडं बघत राहिली.  डावा कान बंदुकीनं नेला होता, हे मान्य. पण नाक तर शाबूत होतं!